तिहोमिर बसत नाही

शिकाऊ मुलीने ब्रेक दाबला आणि तिहोमिरच्या तोंडून असा काही आवाज निघाला, की तिने घाबरून पुन्हा एकदा ब्रेक दाबला. दुसऱ्या वेळी आवाज निघाला नाही. तिहोमिरने डोळे मिटून घेतले आणि दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"काका, कुत्रं होतं," मुलगी म्हणाली.

"कुठे होतं?"

"पुलावर."

"पूल दोन वळणं पुढे आहे गं पोरी."

"म्हणून तर आधीच दाबला."

आमच्या आरिल्ये गावात जो कोणी गाडी चालवतो, त्याला ती तिहोमिरने शिकवलेली आहे. पाव शतक तो त्या शेजारच्या सीटवर बसत आला होता. पोट, पत, सगळं त्या सीटवर. पण यंदा रास्पबेरीच्या तोडणीच्या दिवसांत काम फार आलं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत गाडीत. मध्येच उतरावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि जेवण म्हणजे पाव आणि भाजलेल्या तिखट मिरच्या, तेही एक पाय ब्रेकवर ठेवून. शेवटी पोटाने संप पुकारला. तो संप मिटला तेव्हा कागदाने बोट कापावं एवढीशी चीर मागे राहिली, आणि ती अशा जागी, जी स्वतःला बघता येत नाही आणि दुसऱ्याला दाखवता येत नाही.

एवढ्याशा चिरेने माणसाचं काय काय व्हावं? सकाळी संडासाकडे निघताना तिहोमिरचे पाय जड व्हायचे. परत आला की दुपारपर्यंत आग. रोज वाटायचं, आज जरा कमी आहे, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून. आठ दिवसांत बरं होईल म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. मग इतके आठवडे गेले, की इतके दिवस का सांगितलं नाहीस, हेही सांगायची सोय राहिली नाही.

त्याने आपले उपाय काढले. गाडीत बसणं टाळायचं म्हणून तो सगळ्यांना बाजाराच्या चौकात गाडी लावायलाच शिकवू लागला. स्वतः फुटपाथवर उभा राहायचा आणि हातवारे करायचा. त्या उन्हाळ्यात आरिल्येत अशी मुलं तयार झाली, की जी दोन ट्रकांच्या मधल्या फटीत गाडी डोळे मिटून लावतील, पण तिसरा गिअर त्यांनी पाहिलेला नव्हता. आणि दुसरं म्हणजे तिहोमिर देवळात जायला लागला. आमच्या देवळात बाक नाहीत. पूजा चालते तोवर सगळी माणसं उभी. दर रविवारी तो पहिल्या रांगेत, ताठ, डोळ्यांत पाणी. स्रेतेन पाद्रीबाबांना वाटलं, याच्यावर कृपा झाली.

हे सगळं त्याने सोसलंही असतं. पण त्याच्या आयुष्यात एक बाक होता.

बाक कोसाराच्या घरापुढे होता, भिंतीला टेकवलेला, ओकच्या फळ्यांचा. कोसारा लोकर आणि बटणांचं दुकान चालवायची. तिचा नवरा राडोश जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिहोमिर त्याच गल्लीतला, लहानपणापासूनचा. त्याचं लग्न आईच्या आजारपणात राहून गेलं ते गेलंच. कधीतरी एका संध्याकाळी घरी जाताना तो त्या बाकावर टेकला, कोसाराने कॉफी आणली, आणि मग तो रोजच टेकायला लागला. बोलणं फारसं नसायचं. ती शेंगा सोलायची, तो टरफलं गोळा करायचा. दिवसभर लोकांना डावीकडे, उजवीकडे, हळू हळू असं सांगणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुणालाच काही सांगावं लागत नव्हतं, आणि ते त्याला फार आवडायचं. यंदा वसंतात तर ती बाकावर जराशी अलीकडे सरकून बसायला लागली होती. तिहोमिरने ते पाहिलं होतं आणि त्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं ठरवलं होतं. असल्या गोष्टींची वाच्यता केली की माणसं पुन्हा पलीकडे सरकतात, असा त्याचा अंदाज होता.

जुलैपासून तो फाटकाशी उभा राहायला लागला.

"बस ना," कोसारा म्हणायची.

"नको. घाईत आहे."

"कसली घाई?"

"अशीच."

आणि हा घाईतला माणूस फाटकाला टेकून अर्धा-अर्धा तास उभा राहायचा, या पायावरून त्या पायावर होत. बाक समोर, बाकावर कोसारा, तिच्या शेजारी त्याची जागा रिकामी. आपल्याच जागेकडे इतक्या हावरटपणे बघत उभं राहणारा माणूस त्या गल्लीने कधी पाहिला नसेल. कोसाराला मात्र दिसायचं ते एवढंच, की हा आता बसत नाही. ऑगस्ट संपता संपता ती कॉफीचा दुसरा कप बाहेर आणेनाशी झाली. त्या दिवशी तिहोमिरने ठरवलं, आता डॉक्टर.

गावातल्या दवाखान्यात जाणं शक्यच नव्हतं. तिथे त्याची मावशी स्तामेंका रोज रक्तदाब मोजायला नंबर लावून बसायची, आणि सकाळी तिच्या कानावर गेलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला माहीत व्हायचं. म्हणून तो उझित्सेला गेला. मोठं शहर, मोठं हॉस्पिटल, ओळखीचं कुत्रं नाही. दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातली डॉक्टरीण म्हणाली, "अगोबाई, तिहोमिर काका."

ती यास्ना होती. तिला त्याने घाटातल्या रस्त्यावर गाडी शिकवली होती.

"दुसरे कुणी डॉक्टर आहेत का?" त्याने हळूच नर्सला विचारलं.

"आहेत ना. डॉक्टर ओग्न्येन."

ओग्न्येनला गाडी मागे घेता येत नाही म्हणून तिहोमिरने त्याला वर्षभर परीक्षेला बसू दिलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "हीच बरी."

तपासताना यास्ना म्हणाली, "खांदे सैल सोडा, काका. श्वास सोडा. इतकं घट्ट धरायचं नाही. तुम्हीच सांगायचात ना मला?"

"मी स्टिअरिंगबद्दल सांगायचो."

"तत्त्व तेच आहे."

तिने त्याला समजावून सांगितलं. चीर जुनी झाली होती. तिच्या खालचा स्नायू दुखण्याच्या भीतीने आखडायचा, आखडला की तिथे रक्त पोचायचं नाही, आणि रक्त पोचलं नाही की चीर भरायची नाही. घाबरतो म्हणून दुखतं आणि दुखतं म्हणून घाबरतो. तिहोमिरला हे लगेच पटलं, त्याचे निम्मे विद्यार्थी असेच होते.

"भरेल, पण हळू भरेल," यास्ना म्हणाली. "धीर सोडायचा नाही. भाज्या, कोंडा, सुके आलुबुखार, भरपूर पाणी. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात बसायचं. तिखट बंद, जोर करणं बंद, दारू बंद, राकियासुद्धा."

"आलुबुखार खायचे आणि राकिया बंद?"

"हो."

"मी आलुबुखार आजवर राकियातूनच घेत आलोय."

"आता घन स्वरूपात घ्या. आणि हे मलम. त्याने तो स्नायू सैल पडेल. सुरुवातीला डोकं दुखेल, पण सोडू नका. महिन्या-दोन महिन्यांनी या. नाहीच भरली तर पुढचे इलाज आहेत."

ते मलम औषधाच्या दुकानात घोटून तयार करावं लागायचं. उझित्सेच्या दुकानाने उद्या या म्हणून सांगितलं, आणि उद्या त्याच्या शिकवण्या होत्या. म्हणून त्याने ते आरिल्येत करायला टाकलं. एवढीच त्याची चूक.

आरिल्येच्या दुकानातली बाई फार सभ्य. मलम कुठे लावायचं, ते ती चारचौघांत बोलली नाही. बाकी सगळं बोलली.

"यात नायट्रोग्लिसरीन आहे हं. हृदयाचे पेशंट जिभेखाली ठेवतात ना, तेच. अगदी थोडं वापरायचं. पहिल्या वेळी आडवे पडून राहा, चक्कर येऊ शकते. आणि मन खचू देऊ नका, यातून पुष्कळ लोक उठून उभे राहतात."

"आई गं," तिहोमिरच्या पाठीमागून आवाज आला. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेली स्तामेंका मावशी छातीवर हात ठेवून उभी होती. "तिहोमिर. हृदय?"

तिहोमिरला क्षणभराचीच सवड होती. नाही म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग कुठे? दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, त्यातली एक शाळेची मुख्याध्यापिका. शिवाय हृदय म्हणजे कसा मानाचा अवयव. त्याचं नाव घेतल्यावर लोक टोप्या काढतात.

"थोडंसं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आरिल्येने तिहोमिरला बसवायला घेतलं. बेकरीत शिरला की बेकरीवाला आतून स्टूल घेऊन धावत यायचा. पोस्टात रांगेतली माणसं बाजूला होऊन त्याला खुर्ची द्यायची. चौकात फुटपाथवर उभा राहिला, तर फळवाली रिकामं खोकं पालथं घालायची, आणि ते खोकं टाळायचं तर गाडीत बसावं लागायचं. "बसा हो, उभं राहून हृदयावर ताण येतो." तो आभार मानायचा, खुर्चीला हात लावायचा आणि काहीतरी विसरल्यासारखं करून बाहेर पडायचा. रविवारी देवळात गेला, तर पहिल्या रांगेत एकच खुर्ची मांडलेली, वर गादी नाही, आणि स्रेतेन पाद्रीबाबा वेदीवरून बोटाने खूण करतायत. शंभर माणसं उभी आणि मध्ये तिहोमिर एकटा बसलेला, डोळ्यांत खरोखरचं पाणी. त्या दिवसापासून त्याची भक्ती ओसरली.

एक मात्र झालं. शिकाऊ मुलांच्या आयांनी मुलांना बजावलं, की काकांना धक्का बसला तर गाडीतच जातील. त्यामुळे ब्रेक कसा मलईसारखा दाबला जायचा. दर वळणावर मुलं विचारायची, "काका, बरं वाटतंय ना?" त्या गाडीतून अंड्यांची टोपली सुखरूप गेली असती. चीर भरायला त्याचीही मदतच झाली असणार.

कोसाराला हे हृदयाचं प्रकरण सुया घ्यायला आलेल्या स्तामेंका मावशीकडून कळलं. त्या संध्याकाळी तिहोमिर आला, तेव्हा ती फाटकातच उभी होती.

"खरं आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"तू बसत नव्हतास, घाई आहे म्हणायचास, ते यासाठी?"

तिहोमिरने मान डोलावली. तसं बघितलं तर दुखण्यासाठीच होतं.

"डॉक्टरीण म्हणते, बरं होईल. हळूहळू."

"राडोशच्या डॉक्टरनेही हळूहळूच सांगितलं होतं. सूप पिता पिता गेला तो. चमचा हातातच होता." ती त्याच्याकडे बघत नव्हती. "मी रागावलेली नाही, तिहोमिर. पण पुन्हा कुणाच्या हातातला चमचा काढून ठेवायचं बळ माझ्यात नाही. तुझी सवय व्हायला लागली होती मला. म्हणून आत्ताच सांगते, फार होण्याआधी."

सवय व्हायला लागली होती, असं ती म्हणाली. वसंतापासून तो हेच ऐकायची वाट बघत होता, आणि ऐकायला मिळालं ते असं. आता सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. मनातल्या मनात त्याने त्या जागेसाठीचे झाडून सगळे शब्द काढून बघितले, डॉक्टरांचे, शाळेतले, गाडीवाल्यांचे. त्यातला एकही कोसाराच्या फाटकात उच्चारण्यासारखा नव्हता. ज्या बाईसमोर त्याने कधी शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडं ठेवलं नव्हतं, तिला हे कसं सांगायचं?

"मलम लावतोय मी," तो म्हणाला.

"छातीला?"

"नेमाने," तिहोमिर म्हणाला, आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बाक जागेवर नव्हता. हिवाळ्यासाठी आत ठेवला, असं कोसाराने शेजारणीला सांगितलं. हिवाळ्याला अजून अवकाश होता.

मग तिहोमिर इमानाने औषधाला लागला, दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सकाळी कोंड्याची लापशी, रात्रभर भिजवलेले आलुबुखार, पाण्याच्या बाटल्या. मलमाने डोकं ठणकायचं, ते काही दिवसांनी कमी झालं. आणि सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी. आई ज्यात मिरच्या धुवायची, ते मोठं इनॅमलचं घमेलं त्याने स्वच्छ घासून घेतलं आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवलं. त्यात बसलं की आग थांबायची. आग थांबली की कोसारा आठवायची. खिडकीतून तिच्या घराचं छप्पर आणि धुराडं दिसायचं. धूर निघाला म्हणजे ती दुकानातून आली. धूर दाट झाला म्हणजे कॉफी ठेवली असणार. एक कप. पाणी गार होईपर्यंत तो त्या धुराकडे बघत बसायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाने घमेल्यात बसून झुरावं, हे चांगलं दिसत नाही हे त्यालाही कळत होतं. पण झुरायला त्याला दुसरीकडे कुठे बसताच येत नव्हतं.

ऑक्टोबरात जरा बरं वाटलं म्हणून त्याने मित्राकडे वाटीभर तिखट चटणी हाणली आणि पुन्हा पार मागे गेला. तेव्हा तो रडला, पण चटणीसाठी नाही. मग पुन्हा लापशी, पुन्हा घमेलं. यास्नाने तपासून सांगितलं, भरत आलीय, नेटाने चालू ठेवा. डिसेंबर उजाडता उजाडता त्याच्या सकाळी बिनबोभाट जायला लागल्या. मऊ उशी घेतली तर आता तो बराच वेळ बसू शकत होता, पण जिथे बसायचं ती जागाच राहिली नव्हती.

आणि संत निकोलाचा दिवस आला. तिहोमिरच्या घराण्याचा संत तो. आमच्याकडे आपापल्या संताच्या दिवशी, म्हणजे स्लावाला, घर उघडं टाकायचं असतं. मेणबत्ती लावायची, पाद्रीबाबांकडून पाव कापून घ्यायचा आणि येईल त्याला जेवू घालायचं. पण बोलवायचं कुणालाही नाही. आमंत्रण दिलं की संताचा अपमान. ज्याला यायचं तो येतो, आणि दरवर्षी येणारा एखादा आला नाही, तर त्याने काय सांगितलं ते सगळ्यांना कळतं. कोसारा दरवर्षी यायची. तिहोमिर आठवडाभर तिच्या दुकानावरून जात होता, आणि फक्त 'येशील ना?' एवढंच विचारायची त्याला चोरी होती.

स्लावाला दुसरी एक रीत आहे. पाहुणे बसतात, यजमान बसत नाही. दिवसभर उभं राहून वाढायचं, संताचा मान म्हणून. तिहोमिरने मनाशी म्हटलं, निदान आज तरी मला कुणी बस म्हणणार नाही.

सकाळपासून घर भरलं. नाताळाआधीच्या उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, त्यामुळे मासे, भाजलेल्या घेवड्याचं मडकं, आणि आल्या आल्या प्रत्येकाला चमचाभर उकडलेला गोड गहू. यास्नाच्या पथ्यात यातलं सगळं बसत होतं. तिहोमिर तबक घेऊन फिरत होता आणि दर वेळी दार वाजलं की तबकासकट तिकडे वळत होता. दुपार झाली. दुकान बंद व्हायची वेळ होऊन गेली.

"तू पांढरा पडलायस," स्तामेंका मावशी म्हणाली.

"मी बरा आहे, मावशी."

"बरा असणाऱ्याला दर दोन मिनिटांनी घाम येत नाही. बस बघू."

"मावशी, आज मी कसा बसू? स्लावा आहे."

"पाद्रीबाबा," मावशीने टेबलाच्या टोकाकडे पाहून विचारलं, "हृदयाचा माणूस स्लावाला बसला तर चालेल?"

स्रेतेन पाद्रीबाबांनी माशाचा काटा तोंडातून काढला आणि विचार केला. "संत निकोला दयाळू आहे," ते म्हणाले. "प्रवाशांना सांभाळतो, गाडीवाल्यांना सांभाळतो. बस रे तिहोमिर. माझी परवानगी आहे."

"मला नको परवानगी."

"बघा, हट्टीपणाही वाढलाय," मावशी म्हणाली. "राडोशचं असंच झालं होतं शेवटी शेवटी. झिव्हान, धर रे त्याला."

झिव्हान म्हणजे तिहोमिरचा जिवाभावाचा मित्र, चटणीवाला. त्याच्या तिन्ही मुलांना बाप्तिस्म्याला तिहोमिरनेच हातांवर धरलं होतं. तो उठला, त्याने तिहोमिरच्या हातातलं तबक काढून घेतलं आणि त्याला खांद्यांना धरलं. दुसऱ्या बाजूने पोस्टमास्तर उठला. कुणीतरी खुर्ची आणली, कडक लाकडाची. तिहोमिर म्हणत होता, "सोडा, अहो सोडा," आणि ते म्हणत होते, "सावकाश, सावकाश." अशा स्थितीत दोघांनी मिळून त्याला त्या खुर्चीवर दाणकन बसवलं. महिनोन् महिन्यांचं भरत आलेलं काम हललं. तिहोमिरचं तोंड उघडं राहिलं आणि रंग उडाला.

तेवढ्यात दार उघडलं. दारात कोसारा होती, कोट घातलेली, हातात कॉफीचं पाकीट आणि वाइनची बाटली. आत पाय न ठेवता तेवढं देऊन जायचं असं ठरवून ती आली होती, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. तिने खुर्चीतल्या तिहोमिरकडे पाहिलं. पांढरा चेहरा, उघडं तोंड, दोन्ही बाजूंनी धरलेली माणसं. असा चेहरा तिने आधी एकदा पाहिला होता. तिने पाकीट आणि बाटली दाराजवळच्या फळीवर ठेवली आणि वळली.

तिहोमिरला तिची पाठ दिसली. उन्हाळाभर जे शब्द मिळाले नव्हते, त्यांतला पहिला हाताला लागेल तो त्याने उचलला.

"कोसारा, हृदय नाही," तो ओरडला. "ढुंगण आहे."

झिव्हान आणि पोस्टमास्तरने त्याचे खांदे सोडले.

"काय आहे?" स्तामेंका मावशीने विचारलं.

"ढुंगण, मावशी. चीर पडलीय. जुलैपासून. बसता येत नव्हतं. हृदयाला काहीसुद्धा झालेलं नाही. हृदय दगडासारखं भक्कम आहे."

"मग ते औषध?"

"तिथेच लावायचं असतं."

"हृदयाचं औषध तिथे?"

"तिथे."

मावशीने खुर्चीची पाठ धरली. "आणि मी दर रविवारी तुझ्या हृदयासाठी मेणबत्त्या लावत होते, त्यांचं काय झालं?"

"वाया जात नाहीत," पाद्रीबाबा खाली बघत म्हणाले. "संत निकोला पत्ता शोधून काढतो."

आणि मग जणू बांध फुटला. पोस्टमास्तर म्हणाला, त्याच्यावर कोबीच्या पानासारखं दुसरं काही नाही. बेकरीवाला म्हणाला, कोबी गेला खड्ड्यात, राकियात भिजवलेला कापूस. मुख्याध्यापिकाबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या, की कोमट पाण्याइतकं गुणकारी काही नाही, हे त्या स्वानुभवाने सांगू शकतात. झिव्हानने तिहोमिरच्या कानाशी वाकून त्या मलमाचं नाव विचारलं. ज्या माणसांना तो उन्हाळाभर घाबरत होता, त्यांतली निम्मी त्याच्या आधी तिथे जाऊन आली होती. पण तिहोमिरचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि दाराकडे बघत होता.

कोसारा गेली नव्हती. उंबऱ्यातच वळून उभी होती.

"याने माणूस मरतो का?" तिने विचारलं. ती हसत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही," तिहोमिर म्हणाला. "मरावंसं वाटतं सकाळी. पण मरत नाही."

"बरं होतं?"

"होतं. फार हळू होतं. पुन्हा उलटतं कधी कधी. पुन्हा होतं."

"मग फाटकाशी तासन् तास उभा काय राहायचास? घरी जाऊन पडायचं होतंस."

"घरी तू नव्हतीस," तिहोमिर म्हणाला.

एवढं बोलल्यावर त्याचे कान लाल झाले. मघाशी तो शब्द उच्चारतानाही झाले नव्हते. कोबीचा वाद मध्येच थांबला. कोसाराने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग कोटाची बटणं काढायला सुरुवात केली. सावकाश, वरून खालपर्यंत. कोट खुंटीला अडकवला आणि मेणबत्तीपाशी जाऊन क्रूसाची खूण केली. झिव्हानकडे अजून ते माशांचं तबक होतं. तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"अगं, तू कशाला," स्तामेंका मावशी म्हणाली आणि लगबगीने एक खुर्ची पुढे ओढली. "तू पाहुणी आहेस. ये, बस इथे. दिवसभर दुकानात उभी होतीस."

"पाहुण्यांनी बसावं, मावशी," कोसारा म्हणाली. "मी वाढते."

मावशीने खुर्ची हळूच मागे घेतली. कोसारा जाऊन तिहोमिरच्या शेजारी उभी राहिली, तबक दोघांच्या मध्ये धरून, आणि त्याला हळू आवाजात म्हणाली, "तिकडून सुरू करू या. पाद्रीबाबांचं ताट रिकामं आहे." दोघं टेबलाभोवती वाढत निघाले. ती वाढायची, तो काटे गोळा करायचा. उन्हाळ्यापासून पहिल्यांदाच तिहोमिरला बसावंसं वाटत नव्हतं.